तक्रार: हेडफोनमध्ये आवाज कमी

आधीच सांगून टाकतो, पियानोत काहीही बिघाड नव्हता. जॅक चांगला होता, वायर चांगली होती, आतलं सर्किट चांगलं होतं. मी तो दोन वेळा उघडला आणि दोन्ही वेळा एक चांगली वस्तू उघडून परत बंद केली. बिघाड होता तो माझ्या मुलीच्या कानात. ती समोरच स्टुलावर बसलेली असायची आणि मी पाच महिने तिच्याकडे पाठ करून पियानोत डोकं घालून बसलो होतो. हे सगळं मला परत परत आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. लिहून काढल्यानं कमी होईल असं नाही. तरी लिहितोय.

चाकणच्या एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये, मी एकोणीस वर्षं मेंटेनन्सला आहे. पत्रा एका बाजूनं आत जातो, दुसऱ्या बाजूनं गाडीचा कुठला तरी भाग होऊन बाहेर पडतो, आणि मधे जे काही होतं त्याचा दणका बुटातून पायात येतो. तिथं आम्ही फारसं बोलत नाही, हातवारे करतो. जेवायला बाहेर आलो तरी पहिली पाच मिनिटं एकमेकांशी ओरडूनच बोलतो. घरी बायको म्हणायची, भांडताय का माझ्याशी.

मी नवीन लागलो तेव्हा खेडकडचे एक फोरमन होते. वय झालेलं, विडी सोडलेली आणि त्यामुळे कायम चिडलेले. मेंटेनन्सची बाकी माणसं बिघाड झाला की पहिल्यांदा ऑपरेटरला शिव्या घालायची. तूच काहीतरी केलं असशील, म्हणायची. फोरमनना ते आवडायचं नाही. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मशीनला तोंड न्हाई, पोरा. तिच्यापुढं आठ तास हुबा ऱ्हातो त्याला हाय. तो काय म्हनतोय ते आधी ऐकायचं, मग पाना हातात घ्यायचा." मी ते डोक्यात पक्कं बसवलं. ऑपरेटर म्हणाला आवाज बदललाय, तर आवाज बदललाय. ऑपरेटर म्हणाला मशीन जड चालतंय, तर जड चालतंय. मी ऑपरेटरवर कधी संशय घेतला नाही. एवढ्या नोकरीत अभिमान बाळगावा असं माझ्याकडे हे एकच होतं.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगमधले निम्मे पुरुष कुठल्या ना कुठल्या शिफ्टला. कुणी भोसरीला, कुणी चाकणला, खालच्या मजल्यावरचा तर कायमचा तिसऱ्या शिफ्टला. त्यामुळे आमच्याकडे भर दुपारी बारा वाजता पोरांना दटावून गप्प करतात, कुकरची शिट्टी झाली तरी कुणीतरी दार उघडून बघतं. अशा घरात पियानो आणायचा म्हणजे हेडफोन लावूनच वाजवायचा, हे आणायच्या आधीच ठरलेलं होतं.

पियानो आणला तो मुलीच्या हट्टापायी. शाळेत संगीताच्या मॅडम होत्या, त्यांच्याकडे ती साध्या कीबोर्डवर शिकली. मॅडमनी एकदा मला बोलावून सांगितलं, हिच्या बोटांत आहे काहीतरी, पण आता हिला वजनदार पट्ट्यांवर वाजवायला हवं, दाबली की परत बोटाला ढकलते तशी पट्टी. बंगळुरूला निघालेल्या एका आयटीवाल्या जोडप्याकडून आम्ही त्यांचा जुना डिजिटल पियानो घेतला. हॉलमध्ये खिडकीखाली ठेवला. मुलगी तेव्हा आठवी संपवून नववीत गेली होती. मोठं होऊन याच विषयात शिकायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आम्हाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

ती वाजवायची तेव्हा मला काय ऐकू यायचं, तर ठक, ठक, ठकठक. हेडफोनमुळे सूर सगळे तिच्या कानात आणि आम्हाला फक्त पट्ट्या आपटल्याचा लाकडी आवाज. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात मी दिवसा पडदा ओढून झोपायचो आणि शाळेतून आली की तिची ठकठक सुरू व्हायची. त्या ठकठकीवरून मला कळायचं, आज हिचं मन लागलंय की नाही. गाणं कुठलं ते कधीच कळलं नाही. पण झोप त्यानं मोडायची नाही, उलट बरी लागायची.

थंडीच्या दिवसांत तिला ताप आला, सर्दी झाली, तीन दिवस शाळा बुडली. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ताप उतरला. चौथ्या दिवशी ती पियानोवर बसली. माझी दुसरी शिफ्ट होती, मी निघण्याआधी जेवत होतो. तिनं हेडफोन काढला आणि म्हणाली, "पप्पा, आवाज कमी येतोय. डावीकडून तर फारच कमी."

मी हात धुतला आणि हेडफोन कानाला लावला. तिनं दोन-चार पट्ट्या दाबल्या. खरंच कमी होता. डावीकडून तर फारच कमी, अगदी तिच्या तक्रारीबरहुकूम. मला बरं वाटलं. तक्रार करणारा जे सांगतो तेच तपासणाऱ्याला सापडलं की आमच्या धंद्यात अर्धं काम झालं असं समजतात.

इथं मला कंपनीच्या गाडीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मी किती मोठा गाढवपणा केला ते कळणार नाही. वर्षातून एकदा आमच्या गेटजवळ कान तपासायची गाडी येते. आत काचेची छोटी खोली. हेडफोन लावून बसायचं, हातात एक बटण. बारीक बीप ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे एक माणूस बसतो, तो आवाज कमी-जास्त करतो आणि कागदावर खुणा करतो. कागद खराब आला की माणसाला प्रेस शॉपमधून काढून स्टोअरला टाकतात. स्टोअरला ओव्हरटाइम नाही, आणि तिथं गेलेल्याकडे सगळे संपलेला माणूस म्हणून बघतात. म्हणून आम्ही सगळे एक युक्ती करतो. बीप ऐकत बसायचं नाही, काचेपलीकडच्या माणसाचा कोपर बघायचा. कोपर हलला की एक सेकंद थांबायचं आणि बटण दाबायचं. मला हे जुन्या लोकांनी शिकवलं, मी नव्यांना शिकवलं. माझ्या कागदावर दर वर्षी "नॉर्मल" असा शिक्का पडायचा. पहिली काही वर्षं मला माहीत होतं की हा शिक्का खोटा आहे. नंतर नंतर मीही तो खरा धरायला लागलो.

मोठ्या प्रेसपुढे मी कायम डावी बाजू करून उभा राहतो, कारण पॅनेल उजव्या हाताला आहे. एकोणीस वर्षं तो दणका माझ्या डाव्या कानानं खाल्ला. तोच कान मी पियानो तपासायला लावला. आमच्याकडे साधं मोजायचं गेज असलं तरी त्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर लागतं. तारीख उलटलेल्या गेजनं मोजलेला माल मी पुढे जाऊ देत नाही, त्यावरून सुपरवायझरांशी भांडलेलो आहे. घरी मात्र मी सरळ माझा कान लावला आणि निकाल दिला.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला मी म्हटलं, बघ जरा तूही. तिनं हेडफोन लावला आणि लगेच ओढून काढला.

"अहो, केवढा मोठा आहे हा," ती म्हणाली. "कान फुटतील पोरीचे."

"तुला सवय नाही ना," मी म्हटलं. "कधी हेडफोन लावलाय का तू? ज्याला सवय नाही त्याला मोठाच वाटणार."

"मला वाटलं ते सांगितलं."

"यातलं तुला कळत नाही, राहू दे."

ती आत गेली. दोघांना कमी आणि एकीला जास्त, म्हणून मी बहुमतानं निकाल लावला. घरात एकच धड कान होता आणि त्याला मी राहू दे म्हटलं.

मग मी कामाला लागलो. खोटं कशाला बोलू, मी खूश होतो. मुलीच्या त्या संगीतात मला शिरायला कुठंच जागा नव्हती. तिचे सूर तिच्या कानात, तिची पुस्तकं ठिपक्यांची. आता पहिल्यांदा तिला माझी गरज लागली होती. मी एक डायरी केली, कंपनीत ब्रेकडाउनची असते तशीच. तारीख, तक्रार, तपासणी, केलेलं काम, ऑपरेटरची सही. ऑपरेटरच्या सहीच्या जागी ती पियानोच्या पुस्तकात ओळीच्या सुरुवातीला असते तशी वळणावळणाची खूण काढायची आणि हसायची.

पहिल्या नोंदीत व्हॉल्यूमचा खटका पूर्ण पुढे आहे का ते बघितलं. दुसऱ्या नोंदीत सेटिंग मूळपदावर आणलं. मग मोठ्या पिनेचं अ‍ॅडॉप्टर बदललं, अर्धवट बसत असेल म्हणून. मग हेडफोनच बदलला. मग तिला म्हटलं, हेडफोन काढ आणि स्पीकरवर वाजवून बघ. स्पीकरवर ठीक वाटतंय म्हणाली. म्हणजे बिघाड हेडफोनच्याच भागात, हे सिद्ध झालं असं मी लिहिलं. एका रविवारी पियानो पालथा करून स्क्रू काढले, जॅकमध्ये क्लीनरचा फवारा मारला. पुढच्या रविवारी जॅकला नव्यानं सोल्डर मारलं. प्रत्येक वेळी हेडफोन आधी मी लावायचो. कमीच असायचा.

दरम्यान घरात बाकीच्या गोष्टी घडत होत्या. त्या मला दिसत होत्या आणि एकही जुळत नव्हती. ती जेवायला जागा बदलून बसायला लागली. टीव्ही मोठा करायची. मी डाव्या बाजूनं हाक मारली तर ओ द्यायची नाही. एकदा तीन हाका मारल्या आणि चौथ्यांदा खेकसलो, "लक्ष कुठं असतं तुझं?" ती दचकली आणि सॉरी म्हणाली. त्या एका सॉरीवरून मी अजूनही झोपेतून उठतो.

ठकठकही वाढली. ऐकू यायला हवं म्हणून ती पट्ट्या जोरात मारायला लागली होती. खालचा तिसऱ्या शिफ्टवाला एका दुपारी वर आला. डोळे लाल झालेले. "राव, काय ठोकताय दुपारचं? झोपू द्या की जरा." मी त्याची माफी मागितली आणि कंपनीच्या भंगारातून रबराचे चार ठोकळे आणून स्टँडच्या पायांखाली बसवले. तीही नोंद डायरीत आहे. तक्रार, पट्ट्यांचा आवाज जास्त. केलेलं काम, रबर पॅड. ती इतक्या जोरात का वाजवतेय, हे मी तिला विचारलं नाही.

शेवटी मी डबा केला. पत्र्याच्या छोट्या डब्यात अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट, वर एक नॉब. पियानोची वायर एका बाजूनं आत, हेडफोनची दुसऱ्या बाजूनं बाहेर. मी नॉब हळूहळू फिरवत गेलो आणि ती डोळे मिटून ऐकत होती. एका जागी तिनं डोळे उघडले.

"येतोय पप्पा," ती म्हणाली. "दोन्हीकडून येतोय."

आमच्याकडे सेटिंग पक्कं झालं की नॉबवरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतात, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या माणसानं हात लावला तर कळतं. मी तशी रेघ ओढली. त्या संध्याकाळी जिलेबी आणली. डायरीत "बिघाड दूर" असं लिहिलं आणि तिनं सही केली.

महिन्यानं ती म्हणाली, परत कमी वाटतोय. मी नॉब पुढे नेला आणि दुसरी रेघ ओढली. आणखी काही दिवसांनी तिसरी. बायको त्या वेळी हॉलच्या दारात उभी होती. मी तिला बोलण्याजोगं ठेवलंच नव्हतं.

तिसऱ्या रेघेनंतरही कमी, तेव्हा मी हार मानली आणि पिंपरीच्या मार्केटमागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले चाचा आहेत त्यांच्याकडे जायचं ठरवलं. बेंजोवाल्यांचे आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्रांचे अ‍ॅम्प्लिफायर तेच दुरुस्त करतात. पियानो रिक्षात आडवा घातला तर दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर आला. मुलीनं तो मांडीवर धरला, मी तिच्या शेजारी अंग चोरून बसलो, आणि रिक्षावाला दापोडीपासून पिंपरीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातानं बाजूला करत होता. मुलगी सारखी हसत होती. तिच्या हसण्याचा तो शेवटचा बिनघोर दिवस होता.

चाचांनी हेडफोन लावला, एक पट्टी दाबली आणि चटकन व्हॉल्यूम खाली आणला. "भाऊ, हा तर फुल आहे."

"डावीकडून बघा," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं. मग हेडफोन उलटा केला, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, आणि परत ऐकलं. "दोन्ही सारखे आहेत." मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. "बेटा, कुठून कमी येतो?"

"डावीकडून."

त्यांनी तिच्या डोक्यावरचा हेडफोन उलटा केला. "आता?"

"डावीकडूनच."

त्यांनी परत सुलटा केला, परत उलटा केला. ती दोन्ही वेळा डावीकडूनच म्हणाली. चाचांनी पियानो बंद केला. थोडा वेळ ते वायर गुंडाळत बसले.

"भाऊ, बाजू बदलली की बिघाडानं पण बाजू बदलायला पाहिजे," ते म्हणाले. "हा जागा सोडत नाही. पियानो राहू द्या इथं. पोरीला घेऊन जा. महापालिकेचा दवाखाना जवळच आहे, आत्ताच जा."

मला ही तपासणी माहीत नव्हती असं नाही. नव्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात हीच शिकवतो. दोन सारख्या गोष्टींची अदलाबदल करा आणि बिघाड कुणाबरोबर जातो ते बघा. एका मिनिटाचं काम. पहिल्याच दिवशी, जेवणावरून उठून, हात धुतल्यावर मला ते करता आलं असतं. मी केलं नाही, कारण ते केलं असतं तर ऑपरेटरवर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

दवाखान्यात आत काचेची छोटी खोली होती. तोच हेडफोन, तेच बटण. मुलगी आत बसली आणि मी बाहेर, तपासणाऱ्या बाईंच्या मागे उभा राहिलो. बाई आवाज सोडायच्या तेव्हा त्यांच्या मशीनवर एक दिवा लागायचा. मुलीनं बटण दाबलं की दुसरा. पहिला दिवा लागत होता. दुसरा लागत नव्हता. मुलगी खाली मान घालून, मन लावून ऐकत होती, एखादा बारीकसा आवाज सुटून जाऊ नये म्हणून. मला काचेवर हात आपटून तिला सांगावंसं वाटत होतं की वर बघ, बाईंचा कोपर बघ, हलला की दाब. मी तसाच उभा राहिलो. पहिला दिवा परत परत लागत राहिला.

डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, हे कधीपासून? असं विचारलं की लोक आठवत बसतात, झाले असतील दोन-तीन महिने, म्हणतात. मी खिशातून डायरी काढून दिली. त्यांनी पहिलं पान बघितलं. तारीख, तक्रार, हेडफोनमध्ये आवाज कमी, डावीकडून जास्त कमी. खाली तिची वळणावळणाची सही. त्यांनी पुढची पानं चाळली आणि डायरी मिटून माझ्याकडे सरकवली.

"तापानंतर असं होतं कधी कधी," ते म्हणाले. "कानाची नस अचानक बसते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आलात तर औषध देऊन बघता येतं. परत येतंच असं नाही. पण बघता येतं."

"आता?"

"आता मशीन लावता येईल. डाव्या कानात फारसं उरलेलं नाही."

मी त्यांना डब्याबद्दल सांगितलं. तीन रेघांबद्दल सांगितलं. त्यांना रेघा कळल्या नाहीत, मी समजावून सांगितल्या. ते म्हणाले, उजव्या कानातही थोडं कमी आहे. मी विचारलं, ते माझ्या डब्यानं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी परत विचारलं. ते परत म्हणाले, खरंच सांगता येत नाही. हो म्हणाले असते तरी मी ते घेऊन जगलो असतो. हे 'सांगता येत नाही' मात्र मला कुठंच ठेवता येत नाही.

घरी आल्यावर बायको मला बोलेल, याची मी वाट बघत होतो. 'मी सांगितलं होतं तुम्हाला', एवढं तरी म्हणायचा तिला हक्क होता. तिनं मुलीला जवळ घेतलं आणि नंतर ताटं वाढली. दुसऱ्या दिवसापासून मुलीशी काही बोलायचं असलं की ती आधी वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जायला लागली. तिचा तो वळसा मी रोज बघतो.

मुलीनं कानाला मशीन लावलं. त्यात बोलणं कळतं, पण सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात, असं ती म्हणाली. चाचांनी पियानो आणून दिला, तो खिडकीखाली परत मांडला. ती बसायची, थोडं वाजवायची, उठायची. मग नुसती बसायची. मग बसणंही बंद झालं. मॅडमनी दोनदा फोन केला. दहावीचा अभ्यास आहे, असं तिनंच त्यांना सांगितलं.

एका रविवारी दुपारी मी तो डबा मोडायला घेतला. ती शेजारी येऊन बसली, मी तिच्या उजवीकडे येईन अशी. मी स्क्रू काढत होतो. खूप दिवस विचारायचं होतं ते विचारलं.

"तुला कधीच वाटलं नाही का, की कानातच काही असेल?"

"वाटलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. खूप भीती वाटली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हेडफोन लावला आणि म्हणालात, तुम्हालाही कमी येतोय. डावीकडून जास्त कमी." ती स्क्रूशी खेळत होती. "मला इतकं बरं वाटलं, पप्पा. म्हटलं, म्हणजे पियानोच आहे."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि ते मला सगळ्यात जड गेलं.

गेल्या महिन्यात कंपनीत गाडी आली. मी नंबर लागल्यावर आत जाऊन बसलो. हेडफोन लावला, बटण हातात घेतलं आणि डोळे मिटले. बाहेरच्या माणसाचा कोपर बघितला नाही. सुरुवातीला दोन-तीन बीप आले, ते दाबले. मग काही नाही. खूप वेळ काही नाही. मी ऐकत होतो. मुलगी कशी मान खाली घालून ऐकत होती, तसाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी खरोखर ऐकत होतो आणि काहीच येत नव्हतं.

दार उघडलं. काचेपलीकडचा तो माणूस आत डोकावून जरा मोठ्यानं म्हणाला, "काका, हेडफोन नीट बसलाय ना? आवाज कमी येत असेल तर सांगा, मशीनमध्ये काही असेल, मी बघतो."

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं. "तुम्ही लिहा."